गोधड्यांमधली गिटार

दिलीपरावांच्या गिटारचा आल्बम लोकहित मराठी वाचनालयात झाला, तर हिम्मतरावांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली म्हणजे आल्बमच्या पाठीवर 'ध्वनिमुद्रण : लोकहित मराठी वाचनालय, काचीगुडा' असं छापून येणार, आणि त्याखाली बारीक अक्षरांत का होईना, चिटणीसांचं, म्हणजे त्यांचं, नाव. दुसरी, अध्यक्ष केशवराव गेली दोन वर्षं वरचा हॉल एका कोचिंग क्लासच्या घशात घालायला बघत होते, त्याला परस्पर पाचर बसणार. तिसरी गोष्ट हिम्मतरावांनी अजून बायकोलाही सांगितली नव्हती. मार्चमध्ये निवडणूक होती, आणि एकोणीस वर्षं केशवरावांच्या वजनाखाली दबलेली अध्यक्षांची खुर्ची एकदा तरी मोकळा श्वास घेईल, अशी त्यांची इच्छा होती. बदल्यात द्यायचं काय, तर डिसेंबरातले पाच दिवस हॉलची किल्ली. इतक्या स्वस्तात सत्तापालट कुठे होत असेल असं हिम्मतरावांना वाटत नव्हतं.

हिशेबाला ते पक्के होते. काचीगुडा स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे चौतीस वर्षं काढलेला माणूस. कोणती गाडी कधी येणार हे तर सांगायचेच, पण विचारणारा गाडीसाठी आलाय की मेव्हण्याला टाळायला, हेही चेहऱ्यावरून ओळखायचे.

दिलीपरावांना मात्र ते ओळखू शकले नव्हते. दिलीपराव मूळ पुण्याचे. औषधांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून आले आणि हैदराबादेतच पिकले. हिमायतनगरला तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड. तिथं त्यांनी चाळीस वर्षं गिटार वाजवली. गिटार म्हटल्यावर हिम्मतरावांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला चमकीचा कोट आला, पण ही ती नव्हे. हिला वीज लागत नाही. नायलॉनच्या तारा, मांडीवर घ्यायची, डावा पाय छोट्या पाटावर टेकवायचा आणि उजव्या हाताच्या नखांनी छेडायची. दिलीपरावांनी तिच्यासाठी नऊ रचना बांधल्या होत्या. बायको, भिंतीपलीकडचे शेजारी आणि शिष्या तेजश्री यांच्याखेरीज त्या कोणी ऐकल्या नव्हत्या.

आणि आता घाई होती. त्यांच्या उजव्या हाताची अनामिका ऐकेनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाले, नसेचं दुखणं आहे, थांबेल असं सांगता येत नाही, वाढेल असं सांगता येतं. सकाळी नऊ ते दुपारी एक ते बोट शहाण्यासारखं वागे. एकनंतर बाकीच्या बोटांच्या मागे रेंगाळे. पुढच्या हिवाळ्यात सकाळही उरणार नव्हती. आठ रचना कशाबशा निभावता आल्या असत्या, पण नववी, तिचं नाव 'जिना', त्या बोटावरच उभी होती. तिच्यात तीन बोटं एकाच तारेवर आळीपाळीने इतक्या झरझर पडायची की सुट्या आवाजांची एक सलग धार व्हावी. एक बोट मागे पडलं की धारेचे थेंब झाले.

सप्टेंबरात दिलीपराव वाचनालयात आले ते पेपर वाचायला नव्हे. वरच्या हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एकच टाळी वाजवली. हिम्मतरावांना वाटलं, आता आरती म्हणणार. दिलीपराव डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"अख्खं शहर पालथं घातलं, हिम्मतराव. स्टुडिओ बघितले, शाळांचे हॉल बघितले. इथं आवाज फुलतो, आणि वेळेवर घरी जातो."

"आमचा हॉलच तसा आहे," हिम्मतराव म्हणाले, जणू तो त्यांनीच वाढवला होता.

हॉल तसा का आहे, हे दिलीपरावांनी सांगितलं नाही आणि हिम्मतरावांनी विचारलं नाही. इथंच घोटाळा झाला.

पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्या माणसाचा हात आधी झाडूकडे जातो. हॉलच्या तिन्ही भिंतींना लागून साठ वर्षांच्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे खांद्याइतके उंच रचलेले होते. कापूस गोळा झालेल्या बारा गाद्या होत्या, आणि मूळ रंग कोणालाच आठवत नसलेले जाड पडदे. हिम्मतरावांनी बेगम बाजारातल्या ओळखीच्या रद्दीवाल्याला बोलावलं.

"साब, इसमें तो चूहों की चौथी पीढ़ी है," रद्दीवाला म्हणाला.

"उठाव, सब उठाव. गाद्या भी."

चार फेऱ्यांत हॉल रिकामा झाला. मग भिंतींना पांढरा रंग आणि शहाबादी फरशीला घासून घासून चकाकी. अकरा लोखंडी पुस्तककपाटं ओल्या फडक्याने पुसून घेतली. शेवटच्या संध्याकाळी त्यांची बायको गंगू बघायला आली, तेव्हा हिम्मतराव दारात असे उभे होते की त्यांना वाटलं आत्ताच कोणी फोटो काढावा.

"दवाखाना वाटू लागला," गंगू म्हणाली.

"तुला कौतुकच नाही."

"मी काय वाईट बोलले? स्वच्छ वाटू लागला, असं बोलले."

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला दिलीपराव, गिटारची पेटी आणि तेजश्री आले. तेजश्री दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची. ध्वनिमुद्रण ती हौसेने शिकली होती, इतक्या हौसेने की या पाच दिवसांसाठी तिने वर्षाची उरलेली सगळी रजा टाकली होती. तिच्या हातात दोन माईकचे स्टँड होते. दारातच ते तिने खाली ठेवले.

दिलीपराव मधोमध गेले. टाळी वाजवली.

टाळी भिंतीवर गेली, छताला गेली, फरशीवर आपटली, परत आली, आणि कोणी राहिलंय का ते बघायला पुन्हा एकदा फिरून आली.

"काका," तेजश्री म्हणाली, "इथं बंडल होते ना? पूर्ण वॉलभर?"

"होते. काढून टाकले. तुम्ही येणार म्हणून."

"ते बंडलच तर रूम होती, काका. कागद आवाज पितो. गाद्या पितात. आता सगळं बाथरूमसारखं झालं. परत आणता येतील का?"

हिम्मतरावांनी फोन लावला. पलीकडून रद्दीवाला आनंदाने म्हणाला की माल कधीच गेला, गल के पुठ्ठा भी बन गया होगा साब, आणखी है क्या?

दिलीपराव चिडले असते तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसाला कसं परतवायचं हे खिडकीमागे बसून हिम्मतराव शिकले होते. पण दिलीपरावांनी फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, "पॉलिश फार सुरेख झालंय हो." मग खुर्चीत बसले आणि उजव्या हाताचं ते बोट डाव्या हाताने हळूहळू चोळत राहिले. घड्याळात नऊ वाजत होते. बोटाची शहाणी वेळ सुरू झाली होती, आणि तिला करायला काही काम नव्हतं.

हिम्मतरावांना त्या क्षणी छापील नाव आठवलं नाही, खुर्ची आठवली नाही. चौतीस वर्षांत त्यांनी कोणाला चुकीची गाडी सांगितली नव्हती. आज सांगितली होती, आणि माणूस फलाटावर बसून राहिला होता.

गंगू चहाचा थर्मास घेऊन आली, तेव्हा हॉलमध्ये तिघे जण तीन भिंतींकडे बघत बसले होते. तेजश्रीने तिला समजावून सांगितलं. गंगूने ऐकून घेतलं.

"म्हणजे भिंतींना पांघरूण पाहिजे," ती म्हणाली. "मग तसं बोला की. सकाळपासून मयताला बसल्यासारखे कामून बसलाव?"

तिने तिथल्या तिथे फोन काढला. काचीगुड्यात, बरकतपुऱ्यात, पार अंबरपेटपर्यंत त्यांच्याकडची माणसं पसरलेली होती. नांदेड, परभणी, बीदर भागातून आजोबांच्या काळी आलेली शेतकरी घरं. आता कोणी बँकेत, कोणी दुकानात. अंगावर घ्यायला मऊ विलायती ब्लँकेटं आणि माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांत पुरलेल्या आईच्या, आजीच्या गोधड्या. फेकवत नाहीत आणि पाहुण्यांसमोर काढवत नाहीत.

"जयवंता, माळ्यावरची काढ," गंगू फोनवर मैत्रिणीला सांगत होती. "दोन्ही काढ. लाज कशाची? तुझ्या आईचं लुगडं हाय ते, चोरीचा माल नाही. रिक्षात घाल आणि ये. हौ, आत्ता."

अकरापासून रिक्षा यायला लागल्या. बायका गोधड्या छातीशी धरून जिना चढत होत्या, लेकरू आणावं तशा. तेहतीस झाल्या. सुतळ्या ताणल्या, खिडक्यांचे गज वापरले, कपाटांच्या माथ्यावरून सोडल्या. इरकलीचे काठ, धोतराचं पांढरं, कोणाच्या तरी वडिलांचा पोलिसी खाकी सदरा, मधेच एका बाळाच्या झबल्याची लाल चौकट, आणि सगळ्यांवरून मुंग्यांच्या रांगेसारखे धावणारे पांढऱ्या दोऱ्याचे टाके. बारीक नजरेने बघितलं तर कोणाचा हात शांत होता आणि कोणाचा रागात, हेही कळत होतं. हिम्मतरावांनी आयुष्यभर गोधड्या पांघरल्या होत्या. उभ्या केलेल्या पहिल्यांदाच बघितल्या. शिवणाऱ्या हातांचे किती तास त्या भिंतींना टांगलेले होते.

दिलीपरावांनी टाळी वाजवली. टाळी फुलली, आणि वेळेवर घरी गेली.

ते एका गोधडीजवळ गेले आणि तिच्या टाक्यांवरून लांब नखांची बोटं फिरवली. मग पेटी उघडली.

अजून एक खोट निघाली. गिटारची सगळ्यात जाड तार वाजली की लोखंडी कपाटांची दारं झुंईं करून साथ द्यायची. फटीत कागद घातला, पुठ्ठा घातला, तरी थांबेनात. मऊ आणि बेताचं जाड काहीतरी पाहिजे होतं. गंगूने सगळ्या गोधड्यांना हात लावून बघितला आणि स्वतःचीच उतरवली. तिच्या आईची, चाळीस वर्षांत झिजून कांद्याच्या सालीसारखी पातळ झालेली. कात्री मागितली.

"अगं, ती कशाला?" हिम्मतराव म्हणाले.

"हीच बसेल. बाकीच्या फुगीर हायेत."

तिने बावीस पट्ट्या कापल्या आणि एकेका कपाटाच्या दारांत वर एक, खाली एक, अशा दाबून बसवल्या. कात्री चालवताना ती जयवंताशी भाजीच्या भावाबद्दल बोलत होती. हिम्मतरावांना मात्र त्या भावातलं काहीही ऐकू आलं नाही.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं, तेव्हा तेजश्रीच्या ध्यानात आलं की बायका बसलेल्या असताना आवाज जास्त गोड येतो. "काकू, तुम्ही पण रूमचा पार्ट आहात," ती म्हणाली. "उरलेले चारही दिवस याल? आणि हलायचं नाही हं." बायकांनी बांगड्यांवरून रुमाल बांधले आणि फरशीवर चटया टाकून बसल्या. ज्या बायकांनी उभ्या जन्मात कोणाचं सलग तीन मिनिटं ऐकून घेतलं नव्हतं, त्या मूर्तीसारख्या बसल्या.

हिम्मतरावांना खिडकीशी बसवलं. स्टेशन दोन गल्ल्यांवर, गाड्यांची धडधड फरशीतून वर यायची. ती कधी येणार आणि मध्ये किती निवांत मिळणार, हे सांगू शकणारा शहरात एकच माणूस होता. ते बोटं दाखवत. सात मिनिटं, म्हणजे छोटी रचना. चौदा मिनिटं, म्हणजे मोठी. हात खाली आला की सुरू.

पहिली रचना सुरू झाली तेव्हा हिम्मतराव घड्याळाकडे बघत होते. त्यांना वाटलं होतं, आवाज मोठा असेल. तो इतका लहान होता की त्याच्याकडे जावं लागत होतं. आणि गेल्यावर तिथं जागाच जागा होती. एक माणूस, एक लाकडी पेटी, सहा तारा. पण खाली कोणीतरी सावकाश चालतंय, वर कोणीतरी गुणगुणतंय आणि मधे तिसरं कोणी त्या दोघांची समजूत घालतंय, असं एकदम ऐकू येत होतं. हिम्मतरावांनी दिलीपरावांच्या हाताकडे निरखून बघितलं. लबाडी पकडण्यात त्यांची हयात गेली होती. इथं पकडण्यासारखं काही नव्हतं. पाच बोटं होती, आणि ती पुरत नव्हती इतकं त्यांतून निघत होतं.

तिसऱ्या रचनेच्या मध्यावर नांदेडची गाडी धडधडत गेली आणि सगळं वाया गेलं. तेजश्रीने खिडकीकडे बघितलं.

"काका, सांगितलं नाही तुम्ही."

"विसरलो," हिम्मतराव म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून गंगूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

चौथ्या दिवसाअखेर आठ रचना झाल्या. 'जिना' चौथ्या दिवशी पाच वेळा वाजवली आणि पाचही वेळा धारेचे थेंब झाले. पाचव्या दिवशी सकाळी आणखी तीन वेळा. बाराच्या ठोक्याला दिलीपराव म्हणाले, "थोडं थांबू या. ते दमलंय." बोटाबद्दल ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत.

नेमके तेव्हाच केशवराव आले.

हिम्मतराव जिन्याच्या तोंडाशी गेले आणि दार मागे ओढून घेतलं. अध्यक्षांनी फटीतून आत पाहून घेतलं होतं.

"हे काय मांडलंय, चिटणीस? वाचनालय हाय का गोधड्यांचा बाजार?"

"रेकॉर्डिंग आहे. तुम्हाला पत्र दिलं होतं."

"रेकॉर्डिंगचं दिलं होतं. अंक कुठं गेले? साठ वर्षांचे अंक?"

"रद्दीत," हिम्मतराव म्हणाले.

"ठराव झाला होता का कमिटीचा? नाही. मग संस्थेची मालमत्ता तुम्ही रद्दीत घातली कोणाला विचारून?" केशवरावांनी खिशातून कुलूप काढलं. ते घेऊनच आले होते. "सगळ्यांना बाहेर काढा. बाकीचं सोमवारी मिटिंगला बघू."

"एक वाजेपर्यंत थांबा."

"एकला काय मुहूर्त हाय?"

"बोट आहे," हिम्मतराव म्हणाले, आणि यातलं केशवरावांना काही कळणार नाही हे त्यांना लगेच कळलं. "एकच राहिलंय. एक वाजेपर्यंत झालं तर झालं. मग पुन्हा कधीच नाही."

केशवरावांनी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. समोरच्याला गरज लागलीय, हे ओळखायला त्यांना चष्मा लागत नसे. "राजीनामा लिहा," ते आवाज उतरवून म्हणाले. "चिटणीसपदाचा. मार्चला कुठल्याच जागेसाठी उभं राहणार नाही, हेही लिहा. मग एकपर्यंत काय, दिवेलागणीपर्यंत वाजवू द्या."

हिम्मतरावांनी मनात आकडा मांडून बघितला. एका बाजूला अकरा वर्षांचं चिटणीसपद आणि मार्च. दुसऱ्या बाजूला तेरा मिनिटांची एक रचना, जी त्यांनी अजून सलग ऐकलीही नव्हती आणि जी या आठ प्रयत्नांनंतर बहुधा होणारही नव्हती. व्यवहार इतका तोट्याचा होता की कोणी खिडकीशी येऊन सल्ला विचारला असता, तर त्यांनी त्याला घरी पाठवलं असतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून सहा मिनिटं. बत्तीसला मालगाडी जाईल, मग सेहेचाळीसपर्यंत फरशी शांत.

"कागद द्या," ते म्हणाले.

जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं आणि सही केली. तारीख घालायला विसरले, ती केशवरावांनी आठवणीने घालून घेतली.

"आता आत या, बसा," हिम्मतराव म्हणाले. "चपला तेवढ्या बाहेर."

"मला काय कळतंय त्यातलं," केशवराव म्हणाले आणि दाराबाहेरच कागद पुन्हा वाचत उभे राहिले.

मालगाडी गेली. हिम्मतरावांनी चौदा बोटं दाखवली, दहा आणि चार. हात खाली आला.

'जिना' खालून सुरू होते. अंगठा जाड तारांवर एकेक पायरी चढतो, आणि वर ती धार. पहिल्या चार पायऱ्या हिम्मतराव फक्त त्या बोटाकडे बघत होते, ते पडेल म्हणून. मग बोट दिसेनासं झालं. तीन बोटांचं एकच काहीतरी झालं होतं, उन्हात फिरता पंखा दिसतो तसं, आणि त्यातून आवाजाचा एक दोरा निघाला होता, ज्याला कुठे गाठ नव्हती. तो बायकांच्या डोक्यांवरून गेला, लुगड्यांच्या काठांवरून गेला, आणि हॉल मोठा होत गेला. हिम्मतरावांना आपण बसलोय की उभे आहोत हे कळेना. एवढं माणसाच्या हातून होतं, हे चौसष्ट वर्षं कोणी आपल्याला सांगितलं कसं नाही? हिमायतनगरला, तिसऱ्या मजल्यावर, औषधं तपासून घरी आलेला माणूस रोज संध्याकाळी हे करत होता, आणि आपण खाली रस्त्यावरून भाजी घेऊन जात होतो. जयवंताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिने हात उचलला नाही, कारण हलायचं नव्हतं.

शेवटचा सूर सुटला. तेजश्रीने एक हात वर धरला, थांबा म्हणून. सूर गोधड्यांमध्ये जाऊन विझला, त्यानंतरही ती थांबली. मग सेहेचाळीसची गाडी आली, फरशी थरथरली आणि सगळ्या बायका एकदम हलल्या.

"झालं, सर," तेजश्री म्हणाली.

दिलीपरावांचं बोट मांडीवर आपसूक थडथडत होतं. त्यांनी त्यावर दुसरा हात ठेवला. "ऐकलं त्यानं," ते म्हणाले.

आल्बम एप्रिलमध्ये आला. मार्चची निवडणूक बिनविरोध झाली होती. 'ध्वनिमुद्रण : लोकहित मराठी वाचनालय' या ओळीखाली अध्यक्षांचं नाव आहे, चिटणीसांच्या जागी नव्या माणसाचं. तेजश्रीने गोधड्या देणाऱ्या सगळ्या घरांची नावं छापायचा हट्ट धरला म्हणून तीही आहेत, तिला मराठी नीट लिहिता येत नसल्यामुळे गंगूने एकेक अक्षर सांगून लिहवून घेतलेली. जून महिन्यात हॉलमध्ये कोचिंग क्लास सुरू झाला.

तर याचं मोल भरलं कोणी? तेजश्रीने उरलेली सगळी रजा भरली. बायकांनी पाच सकाळी भरल्या आणि त्याबद्दल अजून त्यांच्यातली एकही तक्रार करत नाही, हे त्यांच्या नवऱ्यांना समजलेलं नाही. दिलीपरावांनी ते बोट भरलं. जानेवारीपासून ते कपाचा कान धरायलाही येत नाही. गंगूने आईची गोधडी भरली. हिम्मतरावांनी चिटणीसपद भरलं, आणि मार्चही. केशवरावांना काहीच भरावं लागलं नाही, आणि त्या दुपारी ते दाराबाहेर कागद वाचत उभे होते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला आलंही तेवढंच.